जूनपासून कन्फर्म

रोज सकाळी शिवांजलीची वेणी घालताना क्रांतीमावशी एक इंग्रजी शब्द सोडवायची. केसांचे तीन पेड हातात घेतले की विचारायची, "आज कुठला?" शिवांजली आरशात बघत आदल्या दिवशी कानावर पडलेला एखादा शब्द सांगायची. पाचगणीच्या शाळेच्या क्वार्टरमधली ती एक खोली, खिडकीबाहेर धुकं, गॅसवर चहा. एकदा शब्द होता युनिफॉर्म.

"युनि म्हणजे एक. फॉर्म म्हणजे आकार. सगळ्या पोरी एका आकाराच्या दिसाव्यात म्हणून."

"पण पूजा जाडी आहे."

"ते कापडाला कुठं कळतंय?" मावशी रिबीन आवळत म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की चहा उतू गेला.

क्रांतीमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. माहेर कुंडलचं, सासर खंडाळ्याचं. सासर तिनं शिवांजली तीन वर्षांची असताना सोडलं. का, ते ती फारसं सांगत नसे. एकदाच म्हणाली, "तिथं मी नॉर्मल नव्हते." आणि मग, सवयच ती, लगेच तो शब्दही उलगडायला बसली. नॉर्मा म्हणजे लॅटिनमध्ये सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचा. त्याला लागतं ते नॉर्मल. "त्या घरात रोज कुणीतरी गुण्या घेऊन उभं असायचं," ती म्हणाली. त्यापुढे काही नाही.

सांगलीहून सुट्टीत मी तिच्याकडे जायचे. निवासी शाळेत ती इंग्रजी शिकवायची, आणि वर्गातही तिचं हेच चालायचं. धड्यात शब्द अडला की धडा बाजूला. रूल म्हणजे मुळात सरळ काठी, आपली पट्टी. 'टो द लाइन' म्हणजे शर्यतीआधी पायाचा अंगठा रेघेला लावून उभं राहणं. मुली स्वतःहून विचारायच्या, मॅम, हा कुठून आला?

गावी आबांनाही ती सोडायची नाही. आबा म्हणजे माझे आजोबा, नाथाजी. एकदा तापात बरळायला लागले म्हणून त्यांना मिरजेला दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्यानं 'डेलिरियम' म्हटलं होतं. ताप उतरल्यावर मावशीनं खाटेशी बसून सांगितलं, "आबा, लिरा म्हणजे नांगराचं तास. डेलिरियम म्हणजे तास सोडून जाणं. रोमन लोकांचा शब्द आहे."

"मंजी त्यांनी बी औत हाकलं हुतं म्हन की."

"हाकलं होतं."

"आन त्यांचं बैल बी तास सोडायचं?"

"सोडायचे की."

"मग डाक्टरनं यवढं वाकडं त्वांड कशाला केलं गं? बैल हाय, जायाचाच कवातरी."

ही हौस तिला महाग पडणार हे आम्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती त्या शाळेत प्रोबेशनवर होती. कायम झाली असती, तर शिवांजलीची जागा दहावीपर्यंत पक्की होती. झाली नसती, तर खोली आणि शाळा दोन्ही एकाच दिवशी सोडावी लागणार होती. खंडाळ्याची वाट तिनं स्वतः बंद केली होती. कुंडलला परत जाणं म्हणजे, लोक आबांना पारावर गाठून जे विचारायचे, ते पुन्हा सुरू.

त्याच सुमारास शाळेनं एका कंपनीकडून तयार धडे घेतले. फळ्याच्या जागी पडद्यावर स्लाइड्स. सगळ्या तुकड्यांत, एकाच दिवशी, तीच स्लाइड, तेच वाक्य. शिक्षकानं वाचायची आणि पुढची लावायची. मावशीचा वर्ग नेहमी मागे असायचा. पालकांची तक्रार आली.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी मुली ट्रंका ओढत जिना उतरत होत्या. त्या खडखडाटात प्रिन्सिपलबाईंनी मावशीला जिन्यात थांबवलं आणि घाईत म्हणाल्या, "फ्रॉम जून यू कन्फॉर्म, क्रांती. ओके?"

"थँक यू, मॅम," मावशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. हिनं इतकं चांगल्या मनानं घेतलं याचं बाईंना बरं वाटलं असावं. त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं.

साताऱ्याला एसटी बदलताना मावशीनं कंदी पेढे घेतले, दोन पिशव्या. कुंडलला आबांनी ते देवळापासून दूध डेअरीपर्यंत वाटले. "आमची क्रांती कन्फरम झाली," भेटेल त्याला सांगायचे. केरबा नावाचे त्यांचे जुने सोबती होते, ते म्हणाले, "आवं नाथाजी, रेल्वेचं तिकीट कन्फरम हुतंय, मानूस कसं हुईल?" आबा म्हणाले, "पेढा खा आन गप बस."

जूनमध्ये ती पेढ्यांचा नवा पुडा घेऊन टीचर्स रूममध्ये गेली. बाई तिथंच होत्या. पेढा हातात घेऊन त्यांनी विचारलं, कशाबद्दल? मावशीनं सांगितलं. मग बाई इंग्रजीत म्हणाल्या, अगदी सौम्यपणे, की मी कन्फॉर्म म्हटलं होतं. सगळ्यांसारखं शिकवा, असं. कन्फर्मचं आपण दिवाळीनंतर पाहू. आणि पेढा खाऊन त्या गेल्या.

"क्रांतीमॅडम," शेजारच्या टेबलावरची अंकितामॅडम म्हणाली, "पेढे मात्र कन्फर्म चांगलेत हं." हशा झाला. मावशीही हसली. पुडा उरलेला होता, तो तिनं सगळ्यांपुढे पुन्हा एकदा फिरवला.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"अगं, एकात फर्मस आहे. घट्ट, पक्का. दुसऱ्यात फॉर्मा. साचा. हे मी पोरींना शिकवते गं. सहावीतल्या पोरी सांगतील मला फरक. आणि मला काय ऐकू आलं?"

"खडखडाट होता ना, मावशी."

"नव्हता तेवढा." मग तिनंच विचारलं, "आबांना कसं सांगू? गावाकडून पेढे परत मागू का?"

तिनं आबांना सांगितलंच नाही. जे कळवून झालं होतं, ते खरं करून दाखवायचं तिनं ठरवलं. जूनपासून ती स्लाइड वाचायला लागली, आणि पुढची लावायला. मुली सुरुवातीला हात वर करायच्या. ती म्हणायची, नंतर सांगते. हळूहळू हात खाली आले. घरी मात्र वेणी आणि शब्द चालूच होते. वर्गातलं वर्गात, घरातलं घरात, अशी तिनं वाटणी केली होती. शिवांजलीलाही ती पटलेली असेल असं तिनं धरून चाललं होतं.

ऑगस्टमध्ये बाई तिचा तास बघायला आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. तो आठवीचा वर्ग होता, शिवांजलीचा. स्लाइडवर शब्द आला: इग्रीजियस. अर्थ दिला होता, अतिशय वाईट. मावशीनं तो वाचला. बटणावर बोट होतंच, तेवढ्यात शिवांजली उभी राहिली.

"मॅम, व्हेअर डज इट कम फ्रॉम?"

वर्गात आईला मॅम म्हणायचं, हा नियम ती पाळायची. हा शब्द मावशीचा फार आवडता होता. ग्रेक्स म्हणजे कळप. कळपाबाहेर पडलेला, उठून दिसणारा. पूर्वी इंग्रजीत हा शब्द थोर माणसासाठी वापरत, कौतुकानं. मग तोच शिवीसारखा झाला. एवढंच सांगायचं होतं.

"दॅट इज नॉट ऑन द स्लाइड," मावशी म्हणाली. "सिट डाउन."

"बट यू नो इट, मॅम."

"आय सेड सिट डाउन."

मुली खिदळल्या. शिवांजली बसली. मागे बाईंनी काहीतरी टिपून घेतलं, आणि मावशीनं पुढची स्लाइड लावली. हे मला आधी शिवांजलीनं सांगितलं, नंतर मावशीनं. दोघींच्या सांगण्यात एका शब्दाचाही फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं केस हातात घेतले आणि विचारलं, "आज कुठला?"

"स्लाइडवर नाही," शिवांजली म्हणाली.

मावशीनं वेणी पुरी केली. त्यानंतर तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

दिवाळीनंतर ती कायम झाली. खोली राहिली, जागा राहिली. आबांना कधी कळलंच नाही की मध्ये काही झालं होतं. त्यांच्या लेखी ती एप्रिलपासूनच कायम होती. मे महिन्यात सगळे कुंडलला जमलो होतो तेव्हा जेवताना शिवांजली म्हणाली, मी इथल्या हायस्कूलला जाईन.

आबांचा घास हातातच राहिला. "आगं, आता तर पर्मनंट झालीया की तुजी आय. तुज्यासाठीच येवढी राबली न्हवं का ती?"

"म्हणूनच म्हणते, आबा. तिचं काम झालं ना आता. मला तिथं नाही राहायचं."

"का पन?"

शिवांजलीनं आईकडे पाहिलं. मावशी आमटी वाढत होती. ती वाढून झाल्यावर एवढंच म्हणाली, "राहू दे, आबा. तिच्या मनासारखं होऊ दे." तिनं तिला एकदाही अडवलं नाही. अडवायला काय बोलावं लागलं असतं ते तिला माहीत होतं, आणि ते सगळं ती खंडाळ्याला ऐकून आली होती.

शिवांजली आता कुंडलला असते. आबांबरोबर रानात जाते, मराठीत भांडते, इंग्रजीत बरे मार्क पाडते. दर रविवारी मावशीचा फोन येतो. शिवांजली बोलते, खाण्यापिण्याचं, अभ्यासाचं, सगळं नीट सांगते. भांडण असतं तर बरं झालं असतं असं मावशीला वाटतं.

या डिसेंबरात मी पाचगणीला दोन दिवस राहून आले. मावशीची खोली फार नीटनेटकी झाली आहे. सकाळी ती लवकर आवरून बसते आणि घंटा व्हायची वाट बघते. तिचे वर्ग आता कुणाच्याही मागे नसतात. अंकितामॅडम तिच्याकडूनच स्लाइडचा नंबर विचारून घेते. मी मुद्दाम एक शब्द विचारला, कुठून आला असेल म्हणून. ती म्हणाली, "बघावं लागेल गं." तिला तो येत होता, हे मला माहीत होतं.

निघताना ती स्टँडपर्यंत आली. गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून तिनं एक पिशवी आत सरकवली आणि म्हणाली, "शिवांजलीला दे. स्वेटर आहे. कुंडलला काही एवढी थंडी नसते म्हणा, पण असू दे."