घोडबंदर किल्ला आणि दीड किलोमीटर आधी थांबलेली धाव

साठी उलटलेल्या बाईने पळायचं ठरवलं की अख्ख्या सोसायटीला गुडघ्यांचं ज्ञान होतं. आमच्या पूनम सागरमध्ये तर लिफ्टमध्ये भेटणारेही सल्ले देत. मुलगा सल्ल्यावर थांबला नाही. "आई, एकदा जरी दुखापत करून घेतलीस, तर हे सगळं बंद," म्हणाला. जणू मी त्याच्याकडे सुट्टीचा अर्ज केला होता! मी डॉक्टरांना विचारलं, तीन महिने चार मिनिटं धाव नि दोन मिनिटं चाल असा सराव केला, आणि डिसेंबरातल्या एका रविवारी घोडबंदरला निघाले.

सोबत शेजारच्या हेमाबेन. साडेसहाला, उजाडू लागल्यावर निघालो. काशीमिऱ्यापर्यंत फुटपाथ मोटारसायकलींच्या मालकीचा आहे, त्यामुळे रस्त्याच्या कडेने. पुढे हायवे. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळा, कानात गाणी नकोत, कपडे भडक रंगाचे घाला. ट्रकची भीती वाटत असेल तर वरसाव्यापर्यंत रिक्षाने या आणि तिथून पळा. त्यात कमीपणा नाही.

माझ्या पायात कोरे बूट होते. दसऱ्याला आणले, पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि परत खोक्यात ठेवले. नवी वस्तू चांगल्या दिवशीच काढायची, ही आमच्या घरची रीत. सराव सगळा जुन्या बुटांवर.

"पहली बार पहने?" हेमाबेननी विचारलं.

"आज के लिए ही रखे थे."

"मेरी सास भी नई साडी ऐसे ही रखती थी. कीडा खा गया."

वरसाव्याच्या अलीकडे टाच जळू लागली. टाच वाचवायला मी पाय तिरका टाकू लागले, तसा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण मी कॉन्व्हेंटात शिकलेली. शर्यत अर्ध्यात सोडणारी मुलगी आमच्या सिस्टरांच्या लेखी कॉपी करणाऱ्या मुलीइतकीच पापी. पळत राहिले.

गावाकडे वळल्यावर एक चहाची टपरी लागली. टपरीवरची बाई माझ्या पायांकडेच बघत होती.

"काय गो बाय, लंगरतेस कशाला? जोरा नवा हाय?"

"हो. किल्ल्यापर्यंतच जायचंय. दीड किलोमीटर राहिलंय."

"किल्ला कुठं पलत न्हाय. आमी शेतावर जाताना नवीन चपला कधी घातल्या न्हायत. पयल्या घरान वापरायच्या, मंग बाहेर." तिने स्टूल पुढे सरकवलं. "बस. काढ तो जोरा."

बूट काढला. मोजा रक्ताने चिकटला होता. फोड आठवड्यात भरतो. तिरक्या पायाने आणखी दीड किलोमीटर रेटलं, तर गुडघा किती महिने बसवून ठेवेल, हे मला पुरतं ठाऊक होतं. आणि मग मुलगा म्हणतो ते खरं. दहा रुपयांचा चहा प्याले आणि हेमाबेनना म्हटलं, "रिक्षा बुलाओ."

उरलेलं अंतर रिक्षाने गेलो आणि किल्ला मी अनवाणी पाहिला. तटावरून खाडी शांत, रुंद दिसते. सकाळी गेलात तर गर्दी नसते. पाणी मात्र बरोबर न्या.

घरी मुलाने दार उघडलं. "लंगडतेयस?"

"टाचेला फोड आलाय. गुडघा दुखायला लागला म्हणून धाव अर्ध्यात सोडली."

"सोडलीस? तू?" मग तो आत जाऊन मलमपट्टीचा डबा घेऊन आला. बंदीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

गुडघा दोन दिवसांत शांत झाला. नवे बूट घालून मी सध्या पोळ्या लाटते. दहाव्या दिवशी जुने बूट चढवले, तेव्हा मुलाने पेपरातून डोकं वर काढलं.

"किती पळणार?"

"पाय सांगतील तेवढं," म्हटलं आणि जिना उतरले.