दुखायचं थांबलं तेव्हा

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की कंबरेत भरलेली उसण निघते, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे नांदेडच्या आमच्या गल्लीत मला लहानपणापासून मागणी. अंगावर इंग्रजी शाळेचा युनिफॉर्म आणि समोर शेजारची कुणी काकू पालथी पडलेली. मी भिंतीला धरून तिच्या कंबरेवरून हळूच पाय फिरवायची आणि मोठ्या माणसाला पाय लावला म्हणून लगेच वाकून नमस्कार करायची. त्यात बोलावं लागत नसे, एवढंच मला आवडायचं.

मागच्या वर्षी लातूरला एका शिकवणी वर्गाच्या ऑफिसात नोकरी लागली. शनिवारी एसटीने घरी यायची. आई घरी ब्लाउज शिवते, दिवसभर मशीनवर वाकलेली असते. आधी तिची कंबर धरली. मग कळ कंबरेतून मांडीच्या मागून थेट पोटरीत उतरायला लागली. शिंक आली तरी उजवा पाय चमकायचा. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू.

"घरात पायाळू असताना दवाखाना कशाला? ये गं माय," म्हणत ती चटईवर पालथी पडायची.

असे बरेच शनिवार गेले. एकदा मी आले तर आई खुशीत होती. "थांबलं बघ. लई हलकं वाटून राहिलं."

शेजारच्या चाची दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरीच्या पायात बरकत हाय. हिला लांब देऊ नका लग्नात, आमच्या कमरांचं काय होईल?"

संध्याकाळी आम्ही भाजीला निघालो. आईची उजवी चप्पल मागे रस्त्यात राहिली आणि ती तशीच पुढे चालत गेली. मी चप्पल उचलून हाक मारली. तिने खाली पाहिलं, तेव्हा तिला कळलं. मग मी मुद्दाम मागून चालले. तिचं उजवं पाऊल फटकन खाली पडत होतं, जणू ते ठेवायचं असतं हे विसरलं होतं.

घरी आल्यावर तिला पायाची बोटं वर करायला लावली. डावीकडची उठली. उजवा अंगठा जागचा हलला नाही.

"मुंग्या आल्यात, बसून बसून," ती म्हणाली. "दुखत न्हाई ना पण. पाय ठेव, जाईल."

मी ठेवला नाही. लातूरचं पाणी लागलं हिला, असं काहीतरी ती भिंतीकडे बघून म्हणाली. सोमवारी तिला सोबत घेऊन लातूरला निघाले.

लातूरच्या डॉक्टरांनी तिला टाचांवर चालायला सांगितलं. उजव्या टाचेवर तिला उभं राहता येईना. लघवीवर ताबा आहे का, असं त्यांनी विचारलं तेव्हा आईने पदर सावरला आणि होकारार्थी मान हलवली. एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले, मणक्यांच्या मधे गादी असते, ती झिजून मागे सरकली आणि पायाकडे जाणारी नस दाबून बसली. वयानं होतं, वाकून बसण्यानं वाढतं. बहुतेक लोक गोळ्या, व्यायाम आणि थोडा धीर एवढ्यावर बरे होतात.

"मग माझं बी झालंच की बरं. दुखायचं थांबलं," आई म्हणाली.

"मावशी, नस मोकळी झाली म्हणून थांबलं नाही. तिच्यात दुखायचीही ताकद राहिली नाही. पाऊल उचलायची ताकद चाललीय, म्हणून ऑपरेशन करून दाब काढायला हवा. लवकर."

"हिचा पाय लागत होता. पायाळू हाय ही."

मला खुर्चीत विरघळून जावंसं वाटलं. डॉक्टर हसले नाहीत. "उसण म्हणजे आखडलेला स्नायू. तो दोन-चार दिवसांत आपोआप सुटतो, पाय कुणाचाही लागो. ही उसण नाही."

आईने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "मशीनचं पायडल मारता येईल का?"

"आत्ता मारता येतं?"

"एका पायानं चालवून राहिले," ती म्हणाली. हे तिने मला सांगितलं नव्हतं. "ताकद परत येईल का तेवढं सांगा."

"बरीचशी यावी. सगळी येईलच, असं लिहून देत नाही."

सही करायला तिने माझ्याकडून पेन मागून घेतलं.

ऑपरेशननंतर अंगठा आधी नुसता थरथरायचा. व्यायाम करता करता तो हळूहळू उठायला लागला. पावलाची वरची बाजू अजून बधिर आहे. चहा सांडला तर तिला आधी दिसतो, मग कळतो. थोडा थोडा वेळ बसायची परवानगी मिळाली तशी ती मशीनवर बसली. दोन्ही पाय पायडलवर ठेवले. कापडाकडे न बघता उजव्या पायाकडेच बघत राहिली, कारण तो तिथे आहे की नाही हे तिला डोळ्यांनीच समजतं. चाक अडखळलं, मागे फिरलं, मग नीट सुरू झालं.

"बघत काय बसलीस," ती म्हणाली, "दोरा ओव."