वाढत्या मापाचा शर्ट

"अंग भरंल की!"

आमचे मास्तर कुणाचंही माप घेऊन झालं की हे वाक्य म्हणायचे आणि कागदावर दोन बोटं जास्त लिहायचे. समोर शाळेतलं पोर असो, नाहीतर साठीचा म्हातारा. पोराचं समजू शकतो. लहान मुलाचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायचे ही आपल्याकडची जुनी रीत. तुम्हीआम्ही सगळ्यांनी पहिलं वर्ष बाह्या दुमडून आणि शेवटचं वर्ष मनगटं उघडी टाकून काढलेलं आहे. मास्तरांनी ती रीत सगळ्या गावाला लावली, एवढंच.

लोणंदच्या पेठेत त्यांचं शिलाईचं दुकान आणि माझं किराण्याचं दुकान यांच्यात एकच भिंत होती. मला हरएक गोष्टीची यादी करायची सवय तेव्हाही होती, आजही आहे. मास्तरांवर लिहायला बसलो तेव्हा आधी मुद्दे काढले. पहिला, माणूस काटकुळा, स्वतःच्याच सदऱ्यात हरवलेला. दुसरा, जीभ तिखट. तिसरा, कात्री झकास चालायची, पण अंगावरचं कापड कमी करायचं म्हटलं की अडायची. पुढचे मुद्दे याच तिसऱ्यातून निघतात हे लक्षात आल्यावर यादी बंद केली.

पेठेत एक पेन्शनर हवालदार होते. मास्तरांनी शिवलेला नवा सदरा घालून ते दुकानात आले, तेव्हा सदरा आधी आला आणि हवालदार मागून.

"मास्तर, मी आता कुठं भरणार? मी वाळत चाललोय."

"औंदा पाऊस बरा झालाय, हवालदार. बाजरी घरात येऊ द्या, मग बोला."

बाजरी आली आणि संपली. हवालदार त्या सदऱ्यात चंची, पानाचा डबा आणि एकदा मांजराचं पिल्लू घेऊन फिरताना दिसले.

मास्तरांचा शर्ट पहिल्या दिवसापासून अंगात बसला असा आमच्या गावात एकच माणूस, तालमीतला एक पैलवान. तो खूश होऊन पेढे घेऊन आला. मास्तरांचं तोंड पडलेलं. पैलवान गेल्यावर मला म्हणाले, "माप घ्यायला चुकलो गड्या. जागाच राह्यली न्हाई."

मग लढाईचे दिवस आले आणि कापड रेशनवर गेलं. रांगेत उभं राहून जे मिळेल ते घ्यायचं, रंग विचारायचा नाही. लढाई संपली आणि लष्कराचा शिलकी माल आठवडी बाजारात येऊन पडला. त्यात तयार शर्ट असायचे. चांगल्या सुताचे, कडक कॉलरचे, पण गोऱ्या सोजिरांच्या मापाचे. आमच्याकडच्या माणसाने घातला की बाह्यांतून बोटंसुद्धा बाहेर येत नसत. त्यामुळे ज्याला चारचौघांत घालायचा शर्ट हवा, त्याच्यापुढे सवाल उभा राहायचा. रांग लावून कापड आणायचं आणि मास्तरांकडून नवा शिवून घ्यायचा, की तयार घेऊन मास्तरांकडूनच लहान करून घ्यायचा?

नवा शिवला तर तो ढगळ होणार, हे ठरलेलं. आणि तयार शर्ट लहान करायला दिला तर मास्तर त्याला कात्री लावत नसत. "कापल्यालं कापड माघारी येतंय व्हय रं?" असं म्हणून ते सगळं जास्तीचं कापड आत दुमडून टाके घालायचे. बगलेत दुमड, पाठीत दुमड, खांद्यावर दुमड. खालचा लांब घोळ आतल्या आत उलटा वर नेऊन छातीपाशी टाचायचा. स्टेशनवरच्या मालधक्क्याच्या कारकुनाने असा एक शर्ट ऐन मे महिन्यात घातला.

"मास्तर, हा बाहेरून साहेबी आहे, पण आतून गोधडी आहे हो!"

"थंडीत दुवा द्याल," मास्तर म्हणाले.

इथवरचे मास्तर सगळ्या गावाला ठाऊक होते. पुढची गोष्ट भिंतीपलीकडची, म्हणून मला ठाऊक.

त्यांचा एकुलता एक मुलगा फौजेत होता, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. मास्तरांनी रेशनचं एक पांढरं पॉपलिन राखून ठेवलं आणि तो परत येईल तेव्हासाठी शर्ट शिवायला घेतला. जातानाचं माप त्यांच्याकडे होतं. पण दर दिवाळीला ते बाजूची शिवण उसवायचे आणि आत ठेवलेलं कापड थोडं थोडं बाहेर सोडायचे. "फौजेतलं खाणं हाय. आता छाती ही एवढी झाली आसंल," असं म्हणून हवेतच हात पसरून दाखवायचे. दर दिवाळीला दोन्ही हातांतलं अंतर वाढत गेलं.

मुलगा आला तो हिवतापाने पार वाळून आला. गाडीतून उतरला तेव्हा मला वाटलं नुसता ओव्हरकोटच खाली उतरला. डॉक्टरने छाती ठोकून, कान लावून सांगितलं, की आत काही दोष नाही, खायला घाला. पण लोकांनी डॉक्टरला विचारलं नाही. पोराच्या छातीत रोग आहे, अशी आवई उठली. एकापाठोपाठ दोन सोयरिकी पोराला बघून गेल्या आणि कळवतो म्हणाल्या. एकीनेही कळवलं नाही. त्या पांढऱ्या शर्टात तो खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा, त्यानेच घात केला असं पेठेचं मत पडलं. पोराने दुकानाच्या फळीवर बसणं सोडलं. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

त्यातच तिसरा निरोप आला, आटपाडीहून. मुलीला बाप नव्हता, मामा बघायला येणार होता. मामा जातीचा शिंपीच, पण दुष्काळी मुलखात शिलाईवर पोट भरेना म्हणून मेंढ्यांच्या आणि लोकरीच्या व्यापारात गेलेला. त्याचं येणं परवावर येऊन ठेपलं तेव्हा मास्तरांची बायको माझ्या दुकानात आली. आम्ही तिला काकी म्हणायचो.

"तुमी तरी सांगा ह्यास्नी. पोरानं आनल्याला तो फौजेचा शर्ट साताऱ्याच्या टेलराकडं द्या म्हनावं. मापात कापून दील. ह्यांच्या हातनं कापवत न्हाई. हीबी सोयरीक गेली तर पोरगं हातरुन सोडायचं न्हाई."

मी जाऊन व्यवस्थित बोललो. एक कोरा जाड कागद घेऊन मधोमध रेघ मारली. डावीकडे नव्या शर्टाचे फायदे-तोटे, उजवीकडे तयार शर्टाचे. ढगळ शर्टात पोर आजारी दिसतं. अंगाबरोबर कापलेल्या शर्टात बरगड्या दिसतील. सगळं मुद्देसूद. मास्तरांनी कागद हातात घेतला, दोन बोटांत चोळून पाहिला.

"कागद झ्याक हाय. कॉलर बेतायला ठिवतो."

"मास्तर, साताऱ्याला..."

"साताऱ्याचा टेलर आजच्या मापाचा शर्ट शिवंल. आजच्या मापाचा शर्ट माज्या पोराला घालून मी काय म्हनू? ह्यो आसाच राहनार हाय, आसं?"

कागद त्यांच्याकडेच ठेवून मी माझ्या दुकानात परतलो.

शेवटी फौजेचा शर्ट त्यांनी स्वतःच घेतला आणि कात्री न लावता त्यांच्या पद्धतीने लहान केला. पाहुण्याच्या सकाळी पोराने तो घातला, तेव्हा मी बघतच राहिलो. खांद्यावर दुमड, पाठीवर दुमड, छातीवर घोळाची दुहेरी घडी. सगळ्या गावाने ज्याला शिव्या दिल्या, त्या कापडाने पोराला अंग आणलं होतं! बाहेरून पाहणाऱ्याला तो खाऊनपिऊन असलेला गडी दिसत होता.

"आबा, लय गरम हुतंय."

"गप बस. आन जोरात हसू नगंस. टाकं जातील."

मामा आला. कांबळं खांद्यावर, मिशा पांढऱ्या, हात खडबडीत. मास्तरांनी शेजारी आणि जाणता माणूस म्हणून मला मध्ये बसवलं होतं. आमच्याकडे सोयरीक ठरेपर्यंत पाहुणा त्या घरी जेवत नाही, चहाच काय तो घेतो. चहा झाला, पावसापाण्याचं झालं. मग मामा उठला, पोराजवळ गेला आणि शाबासकी दिल्यासारखा खांद्यावर हात ठेवला. पण हात उचलला नाही. बोटं खांद्यावरून पाठीवर गेली, दाबून थांबली, पुन्हा दाबली. बाजारात मेंढरू घेणारा माणूस लोकरीवर विसंबत नाही, लोकरीत बोटं घालून पाठीचं हाड चाचपतो. मला ते दिसलं, मास्तरांनाही दिसलं. दारामागे काकीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

पोरगा मान खाली घालून म्हणाला, "मामा, ते कापाड हाय. मी त्येच्या आत हाय."

मामाच्या मिशा हलल्या. "आनखी किती आत?"

"बराच."

मामा असा हसला की माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक डोकावून गेलं. "काड तो शर्ट," तो म्हणाला. पोराने काढला. बनियनमध्ये तो जसा होता तसा दिसला. मास्तर भिंतीकडे बघू लागले. मामाने शर्ट उलटा करून उजेडात धरला, एकेक दुमड बोटाने उचलली.

"मास्तर, हितं कात्री कुटंच लावली न्हाई."

"न्हाई."

"का?"

मास्तरांचा आवाज चिडलेला होता, पण चीड मामावरची नव्हती. "उद्या उसवावं लागंल म्हून. ताप गेलाय त्येचा. डागदरला इचारा, ह्या दुकानदाराला इचारा. छातीत कायबी न्हाई. अंग भरंल त्येचं."

"डागदरला कशाला? आमी मेंढरू बघतो तवा हाड बघतोच. पर हाड दुष्काळातबी दिसतंय. मग आमी पेंडी टाकून बघतो, खातंय का न्हाई." मामा दाराकडे वळला. "आवं इहीन... आवं बाई, पोराचं ताट वाडा. माजं नगं. त्येचं एकट्याचं."

काकीने ताट आणलं. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. पोरगा बनियनवर जेवायला बसला आणि त्याच्यासमोर मामा गुडघ्यावर हात ठेवून. मी असं बघणं कधी बघितलं नाही. पोराने पहिले घास लाजत खाल्ले. मग त्याला भूक लागली असावी, कारण तो आम्हाला विसरला. भाकरी संपली, काकीने दुसरी आणली, तीही गेली. तिसरीला त्याने भाजी पुन्हा मागितली. मास्तरांचे ओठ प्रत्येक घासाबरोबर हलत होते, जणू तेच चावत होते. पुढच्या भाकरीला पोराला उचकी लागली. काकी धावली, मास्तर अर्धे उठले. पोरगा तांब्याभर पाणी प्यायला आणि त्याने पुन्हा भाकरी मोडली.

मामाने कांबळं खाली ठेवलं, मांडी नीट घातली.

"आता माजंबी पान वाडा," तो म्हणाला.

आत तव्यावर भाकरी जळल्याचा वास आला आणि तरीही काकी जागची हलेना. डोळ्याला पदर लावून ती दारातच उभी.

पंगत झाली. आम्ही तिघं एका ओळीत जेवलो. उठता उठता मामा म्हणाला, "मास्तर, एक सांगतो. लग्नाला मातर नवा शर्ट शिवा. आन आजच्या मापाचा. माजी पोरगी नवरा बघनार हाय, तंबू न्हाई. फुडचं फुडं बगू. उसवायला तीबी हायेच की, शिंप्याचीच हाय."

मला वाटलं, आता भांडण होतं. पण ते उठले, पोराला उभं केलं, गळ्यातली टेप काढली. मी पेन्सिल काढून तयार राहिलो. खांदा सांगितला, बाही सांगितली. जे होतं ते, एक बोटही जास्त नाही. मी लिहीत गेलो.

मग छातीचं माप घ्यायला मास्तरांनी टेप पोराच्या पाठीमागून नेली. त्यासाठी त्यांना दोन्ही हात त्याच्याभोवती घालावे लागले. टेपची टोकं पुढे आलीच नाहीत. मास्तर तसेच उभे राहिले, कपाळ पोराच्या खांद्याला टेकवून. पोरानेही आपले हात वर धरले होते, ते हळूच खाली आणून बापाच्या पाठीवर ठेवले.

मी पेन्सिल कागदावर टेकवून वाट बघत होतो. मामाने माझ्या कोपराला धरलं आणि मला हळूच दुकानाबाहेर आणलं.