बोअरचं पाणी आणि आमचं हिरवं सॉल्व्हंट

फनेलमध्ये ताकासारखं पांढरट काहीतरी तयार झालं होतं. थर पडायचं नाव नाही. लवीना, माझी सहकारी, काच उजेडात धरून म्हणाली, "वाट लागली ना गं."

घाटकोपरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात आमची लॅब आहे. सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन म्हणजे पाण्यात न मिसळणारं द्रव पाण्याबरोबर घुसळायचं. पाण्यातला नको असलेला धातू, आमच्या बाबतीत युरेनियम, त्या द्रवात जातो. मग तेल-पाण्यासारखे थर पडतात आणि खालचं पाणी काढून घ्यायचं. एरवी यात रॉकेलच्या जातीची द्रवं वापरतात. आमचं द्रव मेन्थॉल आणि खोबरेल तेलातल्या एका आम्लाचं होतं. दोन्ही वनस्पतींतून मिळणारी, म्हणून 'ग्रीन'. दोन वर्षं मी त्याच्यामागे होते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ते झकास चालायचं. त्या दिवशी पहिल्यांदा, जमिनीतलं युरेनियम पाण्यात उतरतं अशा एका गावातल्या बोअरचं पाणी आलं होतं.

आमच्या लॅबचे प्रमुख नाईक सर बघून जाता जाता म्हणाले, "उद्या क्लायंट येतोय. डिस्टिल्ड वॉटरवर दाखव. युरेनियम आपणच घालू."

"गावात डिस्टिल्ड वॉटर कोण पितं, सर?"

"तू आधी डेमो तर होऊ दे."

कारण सापडायला वेळ लागला नाही. बोअरचं पाणी जड, क्षारांचं. आमच्या आम्लाची त्यातल्या कॅल्शियमशी गाठ पडली की साबण होतो. आम्ही दोघी चक्क साबण घुसळत होतो. पाण्यात अ‍ॅसिड घातलं, तर थर पडले, युरेनियमही निघालं. पण उरलेलं पाणी आंबट, आणि त्याला बामाचा वास.

दुसऱ्या दिवशी क्लायंट, म्हणजे फडके मॅडम आल्या. त्यांची संस्था गावांना पिण्याचं पाणी पुरवते. सर डिस्टिल्डचं फनेल पुढे करायच्या आत मी बोअरची दोन्ही फनेलं टेबलावर ठेवली, अ‍ॅसिडवालं आणि बिनअ‍ॅसिडवालं. सरांनी आपलं फनेल मागे ठेवलं.

मॅडमनी अ‍ॅसिडवाल्या पाण्याचा वास घेतला. "हे आमची पोरं पिणार?"

"मी तरी माझ्या घरात देणार नाही."

"मग अजून किती दिवस?"

"माहीत नाही, मॅडम."

त्यांनी फनेल बाजूला सारलं. म्हणाल्या, "तिकडे लोक आजही तेच पाणी पितायत हो." लवीनाने चहा मागवला. तो कुणी प्यायलं नाही.

मॅडमनी शेवटी गावात आरओ प्लांट बसवला. पाणी शुद्ध मिळतं, पण प्लांट जे पाणी फेकून देतो त्यात युरेनियम आणखी दाट होतं. ते कुठे सोडायचं, हे त्या अजून शोधतायत. आमचं सॉल्व्हंट एका कारखान्याच्या सांडपाण्याला लागू पडलं. ते मुळातच आंबट असतं आणि कुणी पीत नाही.

हल्ली नवं सॉल्व्हंट हातात आलं की मी आधी बोअरचं पाणी मागवते. सर कुरकुरतात, "सुरू व्हायच्या आधीच प्रोजेक्ट बुडवतेस." बुडवते. दोन वर्षांनी बुडण्यापेक्षा आठवड्यात बुडालेलं बरं.