डाव्या हाताने उघडणारा स्टोव्ह

इंग्लंडातल्या मेडनहेडच्या आमच्या जुन्या घरातली फायरप्लेस आम्ही घर घेतल्यापासून बंदच होती. मी तिच्यात कुंड्या ठेवायचे. हे भूलतज्ज्ञ. उमेदीची सगळी वर्षं हॉस्पिटलात गेली, शेकत बसायला सवड होती कुणाला? आणि निवृत्त होऊन जरा कुठे स्थिरावतोय तोच ह्यांना स्ट्रोक आला. बोलणं परत आलं, काठी घेऊन चालता येऊ लागलं, पण उजवा हात मांडीवर पडून राहिला. शर्टाची बटणं लावायला हे माझी वाट बघत उभे राहायचे. तक्रार नाही, चिडचिड नाही. तेच मला जड जायचं.

एकदा चहा पिताना म्हणाले, "अगं, ह्या फायरप्लेसमध्ये खोली तापवायचा स्टोव्ह बसवू या. लाकूड, कोळसा दोन्ही चालणारा."

"सेंट्रल हीटिंग आहे की."

"ते आपोआप चालतं. मला काहीतरी करायला हवंय."

हॅरोहून लेकीचा फोन आला. "आई, इट्स नॉट सेफ! बाबा त्याच्यावर पडली तर?" घाबरली की तिचं मराठी आणखी डळमळतं. भीती मलाही तीच होती. "पडली नाही, पडले," एवढंच म्हणून मी विषय बदलला.

चिमणी साफ करून, तपासून घेतली आणि आम्ही दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी खोली केवढी ते विचारलं आणि लहानच घ्या म्हणाल्या. मोठा घेतला तर खोली तापून दारं उघडी टाकावी लागतील. नुसत्या लाकडाचा का नको, हेही त्यांनी विचारलं. ह्यांनी विचार करून ठेवला होता. ओंडके एका हाताने सारखे उचलवणार नाहीत. बिनधुराचा कोळसा छोट्या फावड्याने टाकता येतो आणि तो टिकतोही जास्त.

मग हे एकेका स्टोव्हपुढे जाऊन डाव्या हाताने दार उघडून बघू लागले. मला एक क्रीम रंगाचा फार आवडला होता. त्याची मूठ उजवीकडे, शिवाय दार दाबून धरल्याशिवाय ती फिरेना. ह्यांनी कोपराने दार दाबून बघितलं, तशी मनगटाला अडकवलेली काठी खाली पडली. बाई पुढे आल्या. मी मानेनेच नको म्हटलं. हे काठी न उचलता तसेच उभे राहिले. मग पुढच्याकडे वळले.

शेवटी कोपऱ्यातला एक बुटका, काळा स्टोव्ह. मूठ डावीकडे, जरा उचलली की दार सुटायचं. ह्यांनी उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"हा."

"तिजोरीसारखा दिसतो," मी म्हटलं.

"दिसू दे."

ऑक्टोबरात तो बसवला. पहिल्या संध्याकाळी हे बुटक्या स्टुलावर बसले आणि मला म्हणाले, "तू आत जा."

मी किचनमध्ये नळ बंद करून ऐकत उभी राहिले. गॅसच्या लायटरची टकटक. शांतता. दार आपटल्याचा आवाज. मग एक शिवी, अस्सल मराठी. धुराचा वास आला तेव्हा मी दाराशी पोचले होते, पण उघडलं नाही.

"अगं, ये बघायला!"

आत ज्वाळा नाचत होत्या. ह्यांच्या कपाळाला काजळी, बाहीवर राख. "हवेची झडप उघडायची राहिली होती," म्हणाले. मी शेजारी जमिनीवर बसले. ह्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून गुडघ्यावर, ज्वाळांच्या बाजूला ठेवला.

"कळतेय का ऊब?"

"थोडीशी," म्हणाले. डॉक्टर असल्यामुळे उगाच जास्त सांगत नाहीत.

हात काही परत आला नाही. पण आता रोज सकाळी राखेचा ट्रे हेच रिकामा करतात, ओल्या कागदाला राख लावून स्टोव्हच्या दाराची काच पुसतात. ख्रिसमसला लेक आली. स्टोव्हपुढे लोखंडी जाळी लावलेली बघून तिच्या जिवात जीव आला. तरी संध्याकाळी हे स्टुलाकडे निघाले तशी ती उठली.

"बाबा, मी लावू?"

"नको. तू बस."

ती बसली. मीही बसले. हे सावकाश, एकेक करून काटक्या रचू लागले.