ओढ्यापलीकडचा उमेदवार

आमच्या घराण्यात सूड कुणी धड उगवलेला नाही. भाऊबंदकीतल्या मारामारीला आमची माणसं पोचेपर्यंत तिथं चहा चालू झालेला असतो. वडलांनी, म्हणजे आबांनी, एकदा मनावर घेतलं, तेही अशा माणसाविरुद्ध की ज्याला मत द्यायचा किंवा न द्यायचाही त्यांना अधिकार नव्हता.

त्याला कारण आमचा ओढा. नगर जिल्ह्यातल्या इतर ओढ्यांसारखाच तो, पावसाळ्यात चार दिवस माणसं अडवणार आणि उरलेलं वर्ष नुसती वाळू. पण सरकारनं विधानसभेच्या मतदारसंघाची हद्द त्याच्यातून नेली होती. अलीकडं आम्ही, पलीकडं ते पुढारी. सोयरिकी जमवताना मात्र ही हद्द कुणी विचारात घेतली नाही. माझ्या तिन्ही बहिणी पलीकडंच दिलेल्या.

सत्तर सालच्या उन्हाळ्यात थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, दिराचं लग्न होतं. आम्ही सुनेच्या माहेरची मंडळी, म्हणून पहिल्या पंगतीला बसवलेलो. पत्रावळीवर भात आला, त्यावर आमटी पडली, आबांनी घास उचलला आणि मांडवाशी जीप थांबली. पुढारी दहाबारा माणसं घेऊन उतरले. जागा नव्हती. त्यांनी आमच्या रांगेकडं बोट करून विचारलं, ही मंडळी कुठली? कुणीतरी सांगितलं, ओढ्यापल्याडची.

"मग ती मतं आपल्याकडं न्हाईत," पुढारी म्हणाले. "बसतील पुढच्या पंगतीला."

आबांनी घास पत्रावळीवर ठेवला आणि उठले. मीही उठलो. खरं सांगायचं तर तोवर माझा निम्मा भात झाला होता, आणि उठताना मी उरलेल्याकडं पाहिलं, हे आबांनी पाहिलं. त्याबद्दल त्यांनी मला शेवटपर्यंत माफ केलं नाही. वाळूत उतरल्यावर ते एवढंच म्हणाले, "ह्यो माणूस पडल्याबिगर ओढ्यापल्याड अन्नाला शिवनार न्हाई."

तेव्हापासून आबा लेकींच्या घरी गेले की ओसरीवर बसायचे, नातवंडांना मांडीवर घ्यायचे आणि उपाशी परत यायचे. आक्का चुलीपाशी डोळे पुसायची, त्याचा दोष धुरावर टाकायची.

एकाहत्तरला लोकसभेची निवडणूक आली. त्या मतदारसंघात ओढ्याचे दोन्ही काठ एकत्र होते, म्हणून आबा पहाटेच अंघोळ करून, फेटा बांधून केंद्रावर हजर. बाहेर आले ते वैतागून. "त्यो हुबाच न्हाई ह्यात." मग त्यांनी काय केलं? पुढाऱ्यांच्या जीपवर ज्या चिन्हाचा झेंडा असतो, ते सोडून दुसऱ्याच चिन्हावर शिक्का मारून आले. तेवढ्यानं भूक भागण्यासारखी नव्हती.

बाहत्तरच्या विधानसभेला पुढारी स्वतः उभे राहिले. आबांनी त्यांचा मतदारसंघ अंगणातल्या धुळीत काठीनं काढला. वर पाटाखालची गावं. तिथं ऊस, आणि कारखाना सांगेल तिकडं मत. खाली माळावरची गावं. ती पुढाऱ्यांवर चिडलेली, पण मतदानाच्या दिवसांत निम्मी माणसं ऊसतोडीला, परक्याच्या फडात. त्यामुळं दर वेळी निकाल लागायचा तो मधल्या ओढ्याकाठच्या गावांवर.

"आन् तितं कोन हाय?" आबांनी विचारलं.

तिथं आमच्या लेकी होत्या, आत्या होत्या, मावसबहिणी होत्या.

प्रचाराला अर्थातच मी. तिशीला टेकलेला, सायकल बाळगणारा, आणि आपल्याला बोलता येतं असा गैरसमज असलेला. प्रत्येक दाजींच्या ओसरीवर मी पंगतीची गोष्ट रंगवून सांगायचो. दाजी मान डोलवायचे, चहा पाजायचे आणि टायरमधल्या हवेची चौकशी करायचे. तिसऱ्या गावापर्यंत गोष्टीत पुढाऱ्यांनी आबांच्या पत्रावळीला लाथ मारलेली होती.

पुढारी निवडून आले. ओढ्याकाठच्या सगळ्या गावांनी त्यांना हात दिला, आणि मी ज्या गावात सर्वांत जास्त वेळ बोललो, तिथं तर त्यांचा गुलाल दोन दिवस उडत होता.

आक्कानं काही लपवलं नाही. "आमी शिक्का त्यालाच मारला, आबा. ओढ्यावर फरशीचा पूल घालतो म्हणलाय त्यो. पावसाळ्यात माहेरी यायला नगं का?"

 आबांच्या लेकींनी आबांकडं येता यावं म्हणून त्यांच्याच वैऱ्याला निवडून दिलं होतं.

त्याच वैशाखात आक्काच्या लेकीचं लग्न निघालं. आजा जेवणार का, हा एकच प्रश्न दोन्ही घरांत चालू होता. आक्कानं माझ्याकरवी निरोप धाडला की आबा जेवले नाहीत तर मीही जेवणार नाही. आबा गेले, आणि मांडवात पाऊल टाकताच त्यांनी लापशीची बादली आणि डाव उचलला. वाढप्याला जेवायला कोण बसवतो?

अक्षतांआधी पुढारी आशीर्वादाला उभे राहिले. गेल्या साली पावसानं हुलकावणी दिलेली, म्हणून भाषण दुष्काळावर. म्हणाले, अन्न हे पूर्णब्रह्म, पत्रावळीवर शीतसुद्धा टाकणारा समाजाचा गुन्हेगार. टाळ्या पडल्या. आबांनीही बादली खाली ठेवून वाजवल्या.

पंगत बसली. आबा पुढाऱ्यांपाशी आले, एक डाव वाढला. परत आले, दोन वाढले. तिसऱ्या खेपेला पुढाऱ्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

"नवरीचा आजा हाय मी," आबा म्हणाले. "आजाला नगं म्हनत्यात व्हय?"

हात बाजूला झाला. शेजारची माणसं जेवून हात वाळवत बसली, कारण पुढाऱ्यांचं झाल्याशिवाय पंगत उठेना, आणि आबा त्यांचं होऊ देईनात. पुढाऱ्यांना त्या दिवशी आणखी लग्नं गाठायची होती. ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. घामानं टोपीची कड ओली झाली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वाढणाऱ्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"तुमी ओढ्यापल्याडचे ना?"

"व्हय सायेब. मत न्हाई आमाला. वाढायची तेवढी मुभा हाय." आणि डाव रिकामा केला.

शेवटचा घास पुढाऱ्यांनी पाण्याबरोबर गिळला. दोघांनी काखेत हात घालून उठवलं. पुढची लग्नं त्यांनी गाठली नाहीत, असं नंतर कळलं.

मांडव रिकामा झाल्यावर आक्का पाट घेऊन आली. "आता तरी बसा, आबा. फिटलं की सगळं."

"पडला कुटं त्यो?"

"पाच वर्सं हायेत अजून. तवर माझ्या दारात उपाशीच राहनार?"

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण बसले नाहीत. ती रागानं आत गेली, लापशी आणि भात फडक्यात बांधून तिनं गाठोडं माझ्या अंगावर जवळजवळ फेकलंच. म्हणाली, तुमच्या हद्दीत जाऊन खावा.

ओढ्यात उतरल्यावर हद्द नक्की कुठं आहे, असं आबांनी मला विचारलं. सरकारी नकाशा मी जन्मात पाहिला नव्हता, पण मी मोठ्या आत्मविश्वासानं एका खडकाकडं बोट केलं. आबा त्याच्याही पुढं चार पावलं जाऊन बसले, फडकं सोडलं, आणि दोन वर्षांनी लेकीच्या हातचं जेवले. हळूहळू, शीत न् शीत.

मग वाळूनं हात चोळता चोळता त्यांनी विचारलं, "धाकटीच्या नणंदेचं लगीन कधी काढलंय रं?"

मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात.

"त्यो येनार असंल का?"

"पुढारी आहेत. येणारच."

"मग लाडू करा म्हणावं," आबा म्हणाले. "लापशी लवकर उतरती."