वडिलांचा रकाना

पहिल्या वर्षाला भूशास्त्राच्या प्रकल्पात मला पन्नासपैकी वीस गुण पडले. वीसला पास. एकोणीस दिले असते तर मी फेरतपासणी मागितली असती, आणि एकवीस द्यायला सरांचा हात उचलला नसता. या गोष्टीला चार वर्षं होत आली. माझा राग गेलेला नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

मी पाथर्डी तालुक्यातली. तिसगावच्या बाजारापासून चालत पाऊण तासावर आमचं गाव. बारावीनंतर नगरला कॉलेजात विज्ञान शाखेला नाव घातलं आणि मुलींच्या वसतिगृहात राहिले. विषय तीन घ्यायचे होते. दोन हवे ते मिळाले, तिसऱ्याच्या जागा भरल्या होत्या. खिडकीतल्या कारकुनाने मला न विचारता फॉर्मवर भूशास्त्र लिहून टाकलं. आम्ही वडिलांना नाना म्हणतो. नानांना फोन करून सांगितलं की तिसरा विषय दगडांचा आहे. ते म्हणाले, "दगडाचं बी कालेज असतंय व्हय?"

त्यांना नवल वाटणारच. नानांनी तरुणपणापासून विहिरी खोदल्या. पहार, घण, सुरुंग, आणि फुटलेला दगड वर ओढून काढायला यारी, एवढ्या सामानावर आमच्या गावातल्या बहुतेक विहिरी त्यांच्या टोळीने उतरवल्या. सुरुंगांच्या आवाजाने त्यांचा डावा कान गेला. पुढे बोअरच्या गाड्या आल्या, पोकलेन आलं, आणि ते काम संपलं. तेव्हापासून दिवाळी झाली की आई आणि नाना ऊसतोडीला जातात आणि चैत्राच्या आसपास परत येतात.

दुसऱ्या सत्रात सरांनी वर्गात प्रकल्पाचं सांगितलं. प्रत्येकाने एकट्याने करायचा, आपल्या भागातल्या खडकांवर, स्वतः जाऊन, स्वतः पाहून. "पुस्तकातलं उतरवून आणलं तर मला लगेच कळतं," असंही म्हणाले. मी ते खरं मानलं. आमच्या गावच्या विहिरींमधले खडकाचे थर, असा विषय लिहून नेला. सरांनी वाचला, "बरा आहे" म्हणाले आणि खाली सही केली. ती सही अजून माझ्याकडे आहे.

दर शनिवारी मी एसटीने गावी जायची. घरी चुलती असायची. ती माझ्याबरोबर रानात यायची, कारण मुलीने एकटीने लोकांच्या विहिरीवर वाकून पाहायचं म्हटलं की गावात चर्चा होते. टेपच्या टोकाला दगड बांधून मी तो विहिरीत सोडायची आणि चुलती वरून टेप धरायची. एका शेताच्या मालकाने विचारलं, "काय मोजताय? इकत घ्यायची हाय का?" चुलती म्हणाली, "आमच्याच मानसानं खांदलीया, इकत कशाला घेऊ?"

असं करून बारा विहिरी मोजल्या. पण एक अडचण होती. पौष महिना, विहिरींना पाणी होतं. पाण्याच्या वरचे थर दिसायचे, खालचे दिसत नव्हते. वर माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा, पांढरे डाग असलेला मऊ खडक. खाली काय आहे ते कोणाला विचारायचं? मी नानांना फोन लावला.

नाना तेव्हा पश्चिमेकडच्या एका कारखान्यावर होते. दुपारी उसाच्या गाड्या वजनाला रांगेत उभ्या असत आणि दोन-तीन तास नुसतं बसून काढावे लागत. तो वेळ आम्ही धरला. मी विहिरीच्या कडेला बसून शेताची खूण सांगायची, आणि ते उजव्या कानाला फोन लावून आठवायचे.

"चिंचंजवळची का? तिला दोन परस मुरूम. मंग मांजऱ्या लागला. त्यो बराच गेला, तीन परस. त्याच्या खाली तांबडी पट्टी, हातभर. आन् मंग काळा पाषाण, त्यानं लई सुरुंग खाल्ले. पानी तांबडीच्या वरनं आलं."

परस म्हणजे उभ्या माणसाने हात वर केल्यावर होते तेवढी उंची. त्यांचे परस आणि हात मी मीटरमध्ये करून घ्यायची. वसतिगृहात पुस्तक उघडून बसले आणि माझ्या लक्षात आलं की नाना ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या भोकाभोकांच्या खडकाला पुस्तकात एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, आणि त्या तांबड्या पट्टीलाही आहे. लाव्हाचा एक थर थंड झाल्यावर आणि दुसरा त्यावर येण्याआधी जो काळ गेला त्यात झालेली ती माती. परीक्षेला मी हे पाठ केलं होतं. नानांनी ते पहारीने फोडलं होतं.

अकरा विहिरींत, जेवढं मला वरून दिसत होतं तेवढं त्यांच्या सांगण्याशी जुळलं. एका विहिरीत मात्र मांजऱ्या त्यांनी सांगितला त्यापेक्षा जवळजवळ एक परस वरच लागत होता. मी त्यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "तुजं बी बराबर हाय. पर त्यांनी मागं जेसीबी लावून ते शेत सपाट केलंय. वरची माती काढून खालच्या तुकड्यात टाकली. मी खांदली तवा जमीन वर हुती." मी मालकाच्या आईला जाऊन विचारलं. तसंच होतं.

प्रकल्पात मी प्रत्येक विहिरीची आकृती काढली आणि शेजारी एक तक्ता केला. एका रकान्यात मी मोजलेलं, दुसऱ्यात नानांनी सांगितलेलं. दुसऱ्या रकान्याला मथळा दिला, 'विहीर खोदणाऱ्याने सांगितलेले थर (लेखिकेचे वडील)'. शेवटी एक पान भरून लिहिलं की पाणी कुठे टिकतं आणि का. कच्ची प्रत सरांना दाखवायची होती. चार दिवसांनी ती परत मिळाली. नानांच्या रकान्यावर बाराही तक्त्यांत लाल रेघ होती, वरून खालपर्यंत, पट्टी लावून मारलेली. पहिल्या तक्त्याखाली लिहिलं होतं, 'अशिक्षित व्यक्तीचे म्हणणे हा संदर्भ होत नाही.'

मी विभागात गेले. सर चहा पीत होते.

"सर, पाण्याखालचं मला दिसत नाही. ते खोदणाऱ्यालाच माहीत."

"मग संदर्भग्रंथ बघ. जिल्ह्याच्या भूगर्भाची माहिती आहे लायब्ररीत."

"त्यात जिल्ह्याचं आहे सर, आमच्या विहिरींचं नाही."

"हे बघ, प्रकल्प म्हणजे कौटुंबिक निबंध नव्हे. बाहेरून परीक्षक येणार आहेत. वडील सांगतात, काका सांगतात, हे त्यांना दाखवू मी? रकाना काढ. नाहीतर मी सही करणार नाही, आणि सही नसेल तर प्रकल्प जमा होत नाही."

मी विचारलं, "मग पाण्याखालचे आकडे पण काढू का?"

सरांनी कप खाली ठेवला. "आकडे राहू देत. ते चांगले दिसतात. वडिलांचं काढ."

हे वाक्य मी अजून जसंच्या तसं म्हणू शकते. आकडे हवे होते, माणूस नको होता. मला तेव्हा तोंडावर बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. कॉम्प्युटरच्या दुकानात बसले, दोन रकान्यांचा एक केला, नानांनी सांगितलेले आकडे माझ्या आकड्यांखाली सरकवले आणि वर टाइप करून घेतलं, 'प्रत्यक्ष क्षेत्रनिरीक्षण'. बारा वेळा. सरांचा मला राग आहेच. पण त्या दुकानात बसून मी जे केलं त्याचा राग वेगळा आहे, आणि तो काढायला दुसरं कोणी नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातल्या एक मॅडम आल्या होत्या. शेजारी सर बसले होते. मॅडमनी माझी फाइल शांतपणे चाळली. आधीच्या मुलांना दोन मिनिटांत सोडलं होतं, माझ्या पानांवर त्या थांबल्या.

"या विहिरी कधी पाहिल्यास?"

"जानेवारीत, मॅडम."

"पाणी किती खाली होतं?"

मी सांगितलं. त्यांनी एका तक्त्यावर बोट ठेवलं. "मग हा तांबडा थर पाण्याखाली आहे. त्याच्या खालचा कठीण खडकही तू लिहिला आहेस. प्रत्यक्ष निरीक्षण म्हणतेस. पाण्याखाली कसं पाहिलंस?"

सर हसून म्हणाले, "मुलं अंदाजाने लिहितात हो मॅडम. पहिलं वर्ष आहे."

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. अंदाज? कान गमावून मिळवलेली माहिती ती, आणि हे तिला अंदाज म्हणत होते, तेही आपणच रेघ मारून. मी म्हणाले, "अंदाज नाही मॅडम. या विहिरी माझ्या वडिलांनी खोदल्यात. त्यांनी सांगितलं. मी वेगळा रकाना केला होता, तो सरांनी काढायला लावला."

माझ्या मागे दाराशी पुढची मुलं उभी होती, त्यांनीही ऐकलं. मॅडमनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीकडे पाहत म्हणाले, "भाषेचा गैरसमज झालाय तिचा."

मॅडम मला म्हणाल्या, "माहिती कुणाकडून मिळाली ते लिहायचंच असतं. ते लपवलंस ही चूक आहे." मग जरा खालच्या आवाजात, "काम मात्र तू केलेलं आहेस." आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं. त्यांनी खरं ओळखलं, पण खोटं ठरलं ते माझ्या सहीखालचं, सरांचं नव्हे. गुण भरायचा कागद सरांच्या पुढ्यात होता.

प्रकल्पाचे गुण लागल्यावर मी प्राचार्यांकडे लेखी अर्ज दिला. कच्च्या प्रतीची झेरॉक्स जोडली, लाल रेघांसकट. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाळ, अजून दोन वर्षं काढायची आहेत ना तुला याच विभागात?" धमकी म्हणून म्हणाले नाहीत ते. काळजीने म्हणाले. त्याचाच मला जास्त संताप आला. अर्जाला उत्तर आलं नाही. दोनदा कार्यालयात विचारलं, दोन्ही वेळा 'वर गेलाय' असं सांगितलं. वर कुठे, ते कोणी सांगितलं नाही.

फोनवर नानांना सगळं सांगितलं तर तेही माझ्यावरच उलटले. "कशाला भांडलीस मास्तरासंगं? माजं नाव घालून काय हुनार हुतं? तुजं शिक्षन हुंदे."

"नाना, त्यांनी तुम्हाला अशिक्षित म्हटलं."

"मंग हाय की मी अशिक्षित."

मी फोन ठेवला. दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. असं शांत राहायला त्यांना कोणी शिकवलं होतं याचा विचार करत राहिले, आणि जितका करावा तितकं रागाला नवीन कारण सापडायचं.

चैत्रात ते परत आले. अंघोळ करून, जेवून ओट्यावर बसले आणि म्हणाले, "दाव तुजं पुस्तक." मी कच्ची प्रत काढली. त्यांना अक्षरं लावायला वेळ लागतो, पण आकृत्या लगेच कळल्या. प्रत्येक विहिरीचं चित्र बोटाने वरून खाली पाहत गेले. लाल रेघांवरूनही बोट तसंच गेलं. सातव्या चित्रावर थांबले.

"ही चुकली."

"तुम्हीच सांगितलं होतं, पाच परसावर तांबडी."

"तांबडी हाय, पर चारी बाजूंनी न्हाई. उगवतीकडनं हाय, मावळतीला येता येता संपती. तू गोल काढलीस. मला तू खोलीच इचारलीस, बाजू कुठं इचारली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या विहिरीवर गेलो. ती आटली होती. कडेच्या दगडी पायऱ्या निम्म्यापर्यंतच होत्या, पुढे दोर. नाना आधी उतरले आणि खालून मला पाय कुठे ठेवायचा ते सांगत राहिले. चुलती वरून ओरडत होती की पोरीला कुठं नेताय. तळाशी गार होतं. पूर्वेच्या भिंतीत वितभर जाडीची विटकरी पट्टी होती. मी हात लावला तर भुगा हाताला आला. तिच्यावरून हात फिरवत मी विहिरीला वळसा घातला. पट्टी बारीक होत गेली, बोटाएवढी झाली, आणि मावळतीच्या बाजूला काळा पाषाण आणि मांजऱ्या थेट एकमेकांवर बसले होते, मध्ये काही नाही. नानांनी छोट्या पहारीने दोन्हीकडे ठोकून दाखवलं. एकाचा आवाज भरीव, एकाचा बसका. डाव्या कानाने त्यांना तो ऐकूच येत नसणार, पण हाताला कळत होता.

"म्हनून हिला पानी एकाच अंगानं," ते म्हणाले. "आटती बी लौकर."

मी तिथेच वहीत चित्र पुन्हा काढलं, थर संपतो तिथे खूण केली, आणि खाली नानांचं पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी वाचून घेतलं, एक अक्षर चुकलं होतं ते सांगितलं.

दुसऱ्या वर्षालाही मी भूशास्त्रच घेतलं. सर मला वर्गात प्रश्न विचारायचे नाहीत, मी हात वर केला तरी. कॉलेजात जमा केलेल्या प्रतीत सातव्या विहिरीची तांबडी पट्टी अजून गोलच आहे, चारी बाजूंनी. नाना एकदा म्हणाले की जाऊन दुरुस्त करून ये, चुकीचं राहू नये. मी गेले नाही. खाली सरांची सही आहे, त्यांनी ती तपासून दिलेली आहे.